पण, तरीही, त्यामुळे, मात्र... अर्धविराम नक्की कुठे द्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
एक रिपोर्ट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून द्यायचाय आणि या सेमीकोलनने डोकं उठवलंय. शाळेत शिकवलेलं की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडली की मध्ये अर्धविराम, ते "ढग गर्जत होते; पण पाऊस पडला नाही" टाइपचं उदाहरण सगळ्यांना पाठ असेलच. आता इंग्रजीत बघावं तर 'बट'च्या आधी साधा कॉमा चालतो, आणि 'हाऊएव्हर' आलं की आधी सेमीकोलन नाहीतर फुलस्टॉप, वर नंतर परत एक कॉमा. अर्थ तर जवळपास एकच ना? मग हा भेदभाव का?

माझं मूळ वाक्य असं होतं:
"सर्व्हर बंद होता, तरीही डेटा सेव्ह झाला, त्यामुळे आम्ही पुढची टेस्ट घेतली, बॅकअप मात्र राहिला."

तपासणाऱ्याने प्रत्येक जोडशब्दाच्या आधी अर्धविराम ठोकलाय, अगदी "बॅकअप; मात्र राहिला" सुद्धा. वाचताना ठेच लागते पण नियम दाखवून भांडता येत नाहीये. कोणी नीट समजावेल का?

प्रतिसाद:
"बॅकअप; मात्र राहिला" हे चूकच, भांडा बिनधास्त. अर्धविराम शब्दाला बघून द्यायचा नसतो, एक वाक्य संपून दुसरं जिथे सुरू होतं तिथे द्यायचा असतो. नुसतं "बॅकअप" हे काही वाक्य नाही. जोड आहे "घेतली" आणि "बॅकअप"च्या मध्ये, तिथे द्या. इंग्रजीत पण हेच, 'हाऊएव्हर' कर्त्याच्या नंतर आलं तर त्याच्या दोन्ही बाजूंना कॉमा आणि सेमीकोलन आपला मागे जोडावरच.

प्रतिसाद:
भेदभावाचं कारण सांगतो. तो शब्द वाक्यात आत सरकवून बघा. "तरीही डेटा सेव्ह झाला" चं "डेटा तरीही सेव्ह झाला" होतं, "त्यामुळे" पण असंच सरकतं, म्हणजे हे शब्द वागतात क्रियाविशेषणासारखे, अर्थाचा धागा जोडतात पण वाक्यं बांधून ठेवत नाहीत, म्हणून तिथे कॉमा कमी पडतो. आता "पण" सरकवा: "ढग गर्जत होते, पाऊस पण पडला नाही". अर्थच बदलला, "पण"चं "सुद्धा" झालं! तो जोडावरच बसणारा शब्द. इंग्रजीत 'बट' असाच हलत नाही आणि 'हाऊएव्हर' हवं तिथे फिरतं, सगळा फरक तिथेच आहे. बाकी आपल्याकडे "त्यामुळे"नंतर कॉमा द्यायची गरज नसते, इंग्रजीची सवय म्हणून लोक देतात ते उगाच वाटतं.

प्रतिसाद:
वरचं पटलं, पण मग शाळेतला "पण"च्या आधीचा अर्धविराम चूक म्हणायचा का? तर नाही. मराठीत ही चिन्हं आलीच इंग्रजीवरून, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० मध्ये त्यावर पुस्तिका काढली होती, पण आपला वापर पुढे आपल्या पद्धतीने रुळला. वाक्यं आखूड असली तर हल्ली "पण"आधी स्वल्पविरामच जास्त दिसतो, मला तोच बरा वाटतो. आणि "म्हणून"ला जरा जपून. "उशीर झाला म्हणून थांबलो" यात "म्हणून" मागच्या वाक्याला चिकटलेलं आहे, तिथे अर्धविराम टाकला की तुटतं. बोलून बघा, थांबा "म्हणून"च्या नंतर येतो.

धागाकर्ता:
वा, सरकवून बघायची ट्रिक भारी आहे. मग आता हे असं ठेवू का?
"सर्व्हर बंद होता; तरीही डेटा सेव्ह झाला. त्यामुळे आम्ही पुढची टेस्ट घेतली. बॅकअप मात्र राहिला."
आणि "कारण"च्या आधी काय देता तुम्ही लोक?

प्रतिसाद:
ठेवा असंच, मधला पूर्णविराम मस्त बसलाय, नाहीतर ते अर्धविरामांचं शेपूट झालं असतं. "कारण"आधी मी तरी स्वल्पविराम देतो, कारण पुढचं वाक्य मागच्यावर टेकलेलं असतं. तपासणाऱ्याला फक्त "मात्र"चं दाखवा, बाकीचं सोडून द्या.