एलएसएमओच्या थराचे क्युरी तापमान 310 केल्विनवर अडकले आहे, आणि 43 केल्विनजवळ एक उंचवटा दिसतो

पवईकर (प्रश्न)

नमस्कार. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या स्फटिकावर पल्स्ड लेझर डिपॉझिशनने (लेझरने ‘टार्गेट’ या वडीतून द्रव्य उडवून ते स्फटिकावर बसवण्याच्या पद्धतीने) लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे, म्हणजे लँथनम 0.7 आणि स्ट्रॉन्शियम 0.3 असलेल्या एलएसएमओचे, पातळ थर वाढवण्याचे काम मी मे महिन्यापासून करतो आहे. या संयुगाच्या घन नमुन्याचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकता नाहीशी होते ते तापमान, सुमारे 369 केल्विन असते आणि 20 नॅनोमीटरच्या चांगल्या थरात ते 340 च्या पुढे मिळायला हरकत नसते. जुलैत वाढवलेल्या माझ्या तिन्ही थरांत मात्र ते 310 च्या आसपासच राहिले आहे. थर 700 अंश सेल्सिअसला, 0.1 मिलिबार ऑक्सिजनमध्ये वाढवले आणि त्याच दाबात थंड केले. एक्स-रे विवर्तनात थराचे 002 शिखर (ज्यावरून अणुथरांमधले उभे अंतर कळते) 46.95 अंशांवर आहे.

दुसरी गोष्ट अधिक खटकते. 500 ओर्स्टेडच्या चुंबकीय क्षेत्रात थंड करताना घेतलेल्या चुंबकनाच्या आलेखात 105 केल्विनला सब्स्ट्रेटच्या (थराखालच्या स्फटिकाच्या) संरचनाबदलाची हलकी खूण दिसते, ती अपेक्षितच आहे. पण 50 ते 40 केल्विनच्या दरम्यान एक लहानसा उंचवटा येतो आणि त्याचा माथा 43 च्या जवळ असतो. हे दोन्ही दोष एकाच कारणाने येत असावेत का?

चेंबूरकर

उंचवट्याबद्दल नंतर कोणी सांगेल. क्युरी तापमानाचे कारण आपल्या प्रश्नातच लिहिलेले आहे. आपण थर 0.1 मिलिबारमध्येच थंड केलात. मँगनाइटमधली लोहचुंबकता ही झेनर यांनी 1951 साली मांडलेल्या दुहेरी विनिमयावर उभी आहे: त्रिसंयुजी मँगनीजवरचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनच्या पुलावरून शेजारच्या चतुःसंयुजी मँगनीजवर जातो, आणि दोघांची फिरकी (स्पिन) समांतर असेल तरच ही ये-जा सुखाने होते. एक ऑक्सिजन निघून गेला की पूल तर तुटतोच, शिवाय मागे दोन इलेक्ट्रॉन राहतात आणि ते दोन चतुःसंयुजी मँगनीज खर्ची घालतात. म्हणजे सूत्रामागे 0.05 ऑक्सिजन कमी पडला, तर चतुःसंयुजी मँगनीजचे प्रमाण 0.3 वरून 0.2 वर येते. आणि स्ट्रॉन्शियम 0.2 असलेल्या घन नमुन्याचे क्युरी तापमान 310 केल्विनच्याच आसपास असते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण तुटलेल्या पुलांचा परिणाम त्यात धरलेला नाही, पण आपला आकडा त्यात बसतो.

शिखराची जागाही हेच सुचवते. 46.95 अंशांवरून उभे जालकांतर (अणूंच्या जाळीतले अंतर) 3.867 अँग्स्ट्रॉम निघते. सब्स्ट्रेटचे जालकांतर 3.905 असल्यामुळे थर आडवा ताणला जातो आणि उभा आखडतो. पूर्ण ताणलेल्या आणि ऑक्सिजन भरपूर असलेल्या थरात ते 3.85 च्या जवळ, म्हणजे शिखर 47.2 अंशांच्या आसपास, असायला हवे. ऑक्सिजन कमी झाला की जालक फुगते. थराचा ताण सैल झाला असेल तरीही असाच आकडा येऊ शकतो, म्हणून रेसिप्रोकल स्पेस मॅप (आडवे आणि उभे जालकांतर एकत्र दाखवणारे एक्स-रे मापन) एकदा काढावा. मात्र 20 नॅनोमीटरला तसे होण्याची शक्यता मला कमी वाटते.

यापुढे लेझर थांबला की चेंबरमध्ये काही शे मिलिबार ऑक्सिजन सोडावा, 550 अंशांवर तासभर थांबावे आणि मग सावकाश खाली यावे. तयार थरही ऑक्सिजनच्या प्रवाहात तापवून सुधारता येतील.

दादरकर

टार्गेट आपणच बनवले आहे का, आणि कोणत्या महिन्यात? मुंबईच्या पावसाळ्यात लँथनम ऑक्साइडची बाटली उघडून पूड सरळ तराजूवर घेणे म्हणजे पाणी वजन करून घेणे आहे. ही पूड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, आणि तिचे पूर्ण हायड्रॉक्साइड झाले तर दहा ग्रॅममध्ये खरे ऑक्साइड सुमारे 8.6 ग्रॅमच उरते. आमच्याकडे एकदा खलात घोटताना पूड बत्त्याला गोळा होऊन चिकटू लागली तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. तोवर एक टार्गेट वाया गेले होते. तेव्हापासून ती आधी 900 ते 1000 अंशांवर रात्रभर भाजतो आणि भट्टीतून काढून कोमट असतानाच तोलतो.

लँथनम कमी पडले की मँगनीज शिल्लक राहते, आणि हवेत सिंटर केलेल्या (भाजून घट्ट केलेल्या) टार्गेटमध्ये ते हॉसमनाइट (मँगनीजचे एक ऑक्साइड) म्हणून वेगळे बसू शकते. हॉसमनाइट 42 केल्विनच्या सुमारास फेरीचुंबकीय होते, म्हणजे त्यातले अणुचुंबक विरुद्ध दिशांना असूनही निव्वळ चुंबकत्व उरते. आपला उंचवटा 43 ला आहे, त्यामुळे मला दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही. टार्गेटच्या एक्स-रेमध्ये 36.1 अंशांवर रेष आहे का, तेवढे पाहावे.

कुलाबेकर

दादरकरांचा भाजण्याचा सल्ला शंभर टक्के योग्य आहे, परंतु निदानाची मला घाई वाटते. फेरीचुंबकीय पदार्थ 42 केल्विनखाली आला की चुंबकन वाढते आणि वाढलेलेच राहते. आपण मात्र माथ्याचा उल्लेख केला आहे, म्हणजे वक्र चढून पुन्हा उतरतो. असे वागणारा एक नेहमीचा उपद्व्यापी पाहुणा आहे, तो म्हणजे गोठलेला ऑक्सिजन. तो 54.4 केल्विनला गोठतो आणि 43.8 ला त्याचे स्फटिकरूप बदलून चुंबकीय प्रतिसाद एकदम घटतो. नमुना आत सोडताना थोडी हवा शिरली, किंवा नमुना धरणाऱ्या स्ट्रॉमध्ये कापूस कोंबलेला असला, की एवढे पुरते.

प्रमाणाचा अंदाज घ्या. 5 बाय 5 मिलिमीटरच्या, 20 नॅनोमीटर जाडीच्या थरात मँगनीजमागे 3.7 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) धरले तरी सगळे मिळून सुमारे 0.0003 ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) होतात. अशा मापनात मिलिग्रॅमच्या अंशाएवढा ऑक्सिजनही डोके वर काढतो, आणि स्टीलच्या चिमट्याने कडेला लागलेला लोखंडाचा कणही; चिमटा प्लॅस्टिकचा वापरावा, हे जाता जाता.

दोन चाचण्या पुरेशा आहेत. नमुना आत ठेवून चेंबर 350 केल्विनपर्यंत तापवावे, चार-पाच वेळा हीलियमने धुवावे आणि तोच आलेख पुन्हा घ्यावा. उंचवटा टिकलाच तर 10 केल्विनला हिस्टेरेसिसचे वेटोळे (क्षेत्र पुढे-मागे फिरवत घेतलेला चुंबकनाचा आलेख) काढावे: हॉसमनाइट असेल तर त्याची हजारो ओर्स्टेडची निग्राहिता (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) थराच्या अरुंद वेटोळ्यावर मध्ये आवळलेल्या कमरेसारखी दिसेल, ऑक्सिजन मात्र फक्त सरळ रेषेची भर घालेल.

पवईकर

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांनी उत्तर देतो आहे, कारण मध्ये हीलियम संपले होते.

चेंबर धुतल्यावर उंचवटा पूर्ण गेला. स्ट्रॉमध्ये कापूस होता, आणि तो मीच घातला होता. टार्गेटमध्ये 36.1 अंशांवर एक बारीक रेष खरोखरच आहे, पण थराच्या वेटोळ्यात तिचा मागमूस नाही. तरीही ते टार्गेट बाजूला ठेवले असून नव्यासाठी लँथनम ऑक्साइड काल रात्रीपासून भट्टीत आहे. जुन्या तीनपैकी एक थर ऑक्सिजनमध्ये 600 अंशांवर दोन तास तापवला: शिखर 47.15 अंशांवर सरकले आणि क्युरी तापमान 338 झाले. मॅपमध्ये थराचे आडवे जालकांतर सब्स्ट्रेटशी जुळलेले आहे, त्यामुळे ताण सैल झाल्याची शंकाही मिटली. उरलेले दोन थर सोमवारी तापवतो.