सोलारिसवर कॅलेंडर उघडत नाही, डिस्प्लेचा एरर

प्रश्न: सातपूरला आमच्या वर्कशॉपात जुनं सोलारिस (सन कंपनीची युनिक्स सिस्टिम) मशीन आहे, शिफ्टच्या सगळ्या नोंदी सीडीईच्या (त्यावरच्या जुन्या डेस्कटॉपच्या) कॅलेंडरात, म्हणजे डीटीसीएममध्ये, आता लिनक्सवरून लॉगिन करून चालवलं की 'कान्ट ओपन डिस्प्ले' येतं. काय करू?

उत्तर: डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कोणत्या स्क्रीनवर दाखवायची ते सांगणारी सेटिंग) हाताने सेट करू नका, एसएसएचला (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या कमांडला) कॅपिटल एक्स (-X) लावून आत जा, ते आपोआप होतं. नाही झालं तर सोलारिसच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये (एसएसएच सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये) एक्स११ फॉरवर्डिंग (तिकडची विंडो तुमच्या स्क्रीनवर पाठवणं) यस आहे का बघा. एक्सहोस्ट प्लस ही कमांड मात्र अजिबात मारू नका हो, तुमची स्क्रीन सगळ्यांना मोकळी होते.

प्रश्नकर्ता: विंडो आली! पण नोंदी एकही नाही, जीव घाबरलाय.

दुसरं उत्तर: घाबरू नका, नोंदी पुरवणारा सीएमएसडी हा प्रोग्राम बंद असेल, आरपीसीइन्फो कमांडच्या यादीत त्याचा नंबर १०००६८ दिसतोय का बघा. आणि आधी व्हार-स्पूल-कॅलेंडर फोल्डरमधल्या कॅललॉग (नोंदी साठवणाऱ्या) फाइल्सची कॉपी काढून ठेवा.