मदत हवी आहे: हाताच्या पीडीवरून रात्रीच्या मशीनवर आलो, ड्रेनला कळ आणि अलार्म

आईचं (वय ६३) पेरिटोनियल डायलिसिस (पीडी, म्हणजे पोटात नळीने डायलिसिसचं पाणी भरून काही वेळाने ते काढून रक्त साफ करायचं) दीड वर्षापासून घरीच चालू आहे. आधी दिवसाला २ लिटरच्या ४ पिशव्या हाताने. आता डॉक्टरांनी रात्रीचं सायकलर मशीन (पाणी आपोआप भरणारं आणि काढणारं) दिलंय: ९ तास, ५ फेऱ्या, एकूण १० लिटर, दिवसभर पोट रिकामं. आज दहावी रात्र.

पाणी भरताना काही नाही. निचरा संपत आला की ओटीपोटात खोल कळ येते, आई पाय पोटाशी घेते, आणि पाठोपाठ अलार्म. रात्रीतून ३-४ वेळा. हाताने करायचो तेव्हा असं कधी झालं नाही.

कुशीवर वळली की नळी दबते, म्हणून ती गादीच्या कडेला चिकटपट्टीने बसवली. मशीन पलंगाच्या उंचीला आणलं. पोट साफ राहण्याचं औषध चालू आहे (बद्धकोष्ठ असेल तर निचरा अडतो, हे नर्सताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं). निघालेलं पाणी स्वच्छ, ताप नाही, एक्स-रेत कॅथेटर (पोटातली नळी) जागेवर. सेटिंगला आम्ही हात लावत नाही.

सोमवारी डॉक्टरांना टायडल मोडबद्दल विचारणार आहे, म्हणजे दर फेरीला थोडं पाणी पोटातच ठेवायचं. ज्यांनी हे केलंय त्यांची कळ थांबली का, किती रात्रींत? आणि आमच्याकडे वीज जाते, घरात साधा इन्व्हर्टर आहे. पाणी गरम करणाऱ्या प्लेटसकट मशीन त्यावर तुमच्याकडे किती वेळ चाललं?