कात्रणांपासून मऊ खेळणी : आत भरायचं काय आणि हत्तीची मान का पडते?

नवशिकी_टीप
घरात कात्रणांची भलीमोठी पिशवी साठलीये. सुती शर्टांचे तुकडे, होजियरीचे जुने टी-शर्ट, जीन्सचे पाय, थोडं फरचं कापडसुद्धा. बहिणीची मुलगी आठ महिन्यांची आहे (हाताला लागेल ते तोंडात) आणि मुलगा चार वर्षांचा, दोघांना काहीतरी शिवून द्यावं असं डोक्यात आहे. ट्रायल म्हणून एक हत्ती शिवला तर कागदावर चांगला गुटगुटीत होता तो भरल्यावर एकदम सडपातळ झाला, मान लुळी पडते आणि सोंड तर सुलटी करताना नाकी नऊ आले. पॅटर्न माझाच, हाताने काढलेला. तर १) मान ताठ कशी राहील २) आत पण कात्रणंच भरली तर चालतील का, पिशवी तरी रिकामी होईल ३) डोळ्यांना बटणं लावू का? मशीन साधं आहे, सरळ टीप आणि झिगझॅग एवढंच.

बॉबिन_संपली
सडपातळ होणारच, त्यात तुमच्या शिवणीचा काही दोष नाही. सपाट कापड भरलं की गोल होतं आणि रुंदी खाल्ली जाते. म्हणजे बघा, शिवून झाल्यावर पाय 10 सेंमी रुंद असेल तर दोन थर मिळून घेर झाला 20, त्याचा गोल केला की व्यास जेमतेम साडेसहा सेंमी येतो. मान 4 सेंमी ठेवली असेल तर ती अडीच सेंमीची नळी झाली, तिच्यावर एवढं मोठं डोकं कसं तोलणार? त्यामुळे कागदावर जे बरोबर दिसतं त्याच्या दीडपट रुंद काढायचं, चित्र बेढब दिसलं तरी दिसू दे. मान तर शक्यतो ठेवूच नका, डोकं आणि धड सलग एकाच तुकड्यात काढा, लहान मुलांच्या खेळण्यात तेच छान दिसतं. मान हवीच असेल तर आधी डोकं गच्च भरा, मग मान त्याहून गच्च आणि पोट सैल. बहुतेक जण पोटात ठासतात आणि मानेशी पोचेपर्यंत हात दुखायला लागतात.

सोंडेचं सांगते. सोंड, शेपूट असल्या अरुंद भागात टीप मारायच्या आधीच आत एक नाडी ठेवायची, टोकाच्या शिवणीत तिचं एक टोक पकडायचं आणि बाकीची नाडी टिपेखाली येऊ द्यायची नाही. मग नाडी ओढली की सोंड आपोआप सुलटी होते, नंतर नाडी कापून टाकायची. आणि वळणांवर कट द्यायला विसरू नका, आत वळणाऱ्या ठिकाणी सरळ छोटे कट आणि बाहेर फुगणाऱ्या ठिकाणी त्रिकोणी खाचा, टिपेपासून दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. कट दिले नाहीत तर कितीही भरा, शिवणीवर चुण्या पडतातच.

काजबटण
बटणाचं आधी बोलते कारण ते महत्त्वाचं. आठ महिन्यांच्या बाळाला बटण, मणी, घुंगरू, टिकली काहीही नको. डोळे दोऱ्याने भरा, भरतकामाचे. ते मागून वॉशर दाबून बसवायचे प्लास्टिकचे डोळे मिळतात त्यांना 'सेफ्टी' म्हणतात खरं पण वॉशर सुटला नाही तरी भोवतीचं कापड फाटतं, होजियरीत तर हमखास, आणि मग डोळा अख्खा बाहेर. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला 31.7 मिमी व्यासाची एक नळी वापरतात, तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठीच असते म्हणजे आपली परीक्षा जरा कडकच होईल.

फर बाळाच्या खेळण्यात नकोच, केस सुटून तोंडात जातात. मोठ्याच्या सिंहाला आयाळ करा त्याची. कापताना मात्र मागच्या बाजूने, कात्रीच्या टोकाने फक्त खालचं कापड कापायचं, केस कापायचे नाहीत, नाहीतर घरभर केस आणि शिवणीवर टक्कल. लांब रिबिनी, नाड्या बाळाच्या खेळण्याला लावू नका. आणि एक, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना मऊ खेळणं जवळ द्यायचं नसतं, कितीही गोड दिसलं तरी. जागी असताना खेळू दे. हे बहिणीलाही सांगून ठेवा.

चिंधी_बहाद्दर
कात्रणं भरा की बिनधास्त! आमच्याकडे सगळी खेळणी तशीच. फक्त अख्खे तुकडे कोंबू नका, बोटाच्या नखाएवढे बारीक कापा, शिवणी आणि जाड कडा बाजूला काढा. वजनदार होतं, पण बसणारं अस्वल असेल तर बुडाला वजन चांगलंच की.

काजबटण
@चिंधी_बहाद्दर चार वर्षांच्या मुलासाठी ठीक, बाळासाठी मी तरी नाही म्हणेन. बाळाचं खेळणं सारखं लाळेने भिजतं, सारखं धुवावं लागतं. आत सुती चिंध्या असल्या की वरून वाळलेलं दिसतं आणि पोटात ओल राहते, मग वास आणि बुरशी. साधा कापूसही तसाच, वर धुतल्यावर गोळे होतात. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर पटकन वाळतो, तोच घ्या, किंवा जुनी उशी उसवा.

चिंधी_बहाद्दर
बाळाबाबत मान्य. मोठ्यासाठी मधला मार्ग सांगतो, कात्रणं वेगळ्या छोट्या पिशवीत शिवून ती पोटाच्या मध्यभागी ठेवायची आणि कडेने फायबर. बाहेरून गुठळ्या लागत नाहीत आणि एखादी शिवण उसवलीच तर चिंध्या बाहेर येत नाहीत.

नवशिकी_टीप
बापरे, किती कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. घेराचं गणित तर डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक, होजियरी आणि जीन्स एकाच खेळण्यात चालेल का? आणि तुकडे अगदीच लहान असतील तर?

बॉबिन_संपली
चालेल पण होजियरी भरल्यावर ताणली जाते आणि जीन्स नाही, म्हणून अंग एकीकडे फुगतं. होजियरीला मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्यूजिंगचं अस्तर लावा म्हणजे ती सुतीसारखी वागते. मशीनला बॉल पॉइंट (गोलसर टोकाची) सुई घाला, होजियरीवर साधी सुई टाके गाळते. जीन्स तळपायाला नाहीतर कानाच्या एका बाजूला ठेवा, चार थर एकावर एक आले की साधं मशीन अडतं.

लहान तुकडे आधी एकमेकांना जोडून मोठं कापड करा, शिवणी उघडून इस्त्री करा आणि मग त्यावर पॅटर्न ठेवून कापा, फक्त जोड नाकावर किंवा बोटांच्या टोकाशी येणार नाही असं बघा. सुती तुकडे आधी धुऊन घ्या, रंग जातोय का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून कळतं, जाणारा रंग बाळाला नको. टाका बारीक, दोन मिमीच्या आसपास, आणि बाळाचं असेल तर टीप दोनदा. दोरे निघणारं कापड असेल तर टिपेबाहेर एक सेंमी मार्जिन ठेवून कडेला झिगझॅग.

काजबटण
भरायला जी फट ठेवाल ती सरळ भागात ठेवा, वळणावर नको, आणि फटीच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप मारून पक्कं करा नाहीतर भरताना तिथेच उसवतं. बंद करताना दुहेरी दोरा, एकदा या घडीतून एकदा त्या घडीतून, चारपाच टाके झाले की ओढून घ्यायचं, टाके आत लपतात. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. मी वर सगळ्या खेळण्यावरून एकदा लोहचुंबक फिरवते.

नवशिकी_टीप
लोहचुंबक आहे घरात. हत्ती उसवायला घेतलाय, मान काढूनच टाकते.