गोचिडीमुळे मेंदूज्वर, पण एमआरआय नॉर्मल. असं कसं?

रेवा_फ्रायबुर्ग
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही जर्मनीत फ्रायबुर्गजवळ राहतो, ब्लॅक फॉरेस्टच्या अगदी कडेला. जूनमध्ये नवऱ्याला, वय ४६, ताप आणि अंगदुखी सुरू झाली, चारेक दिवसांत उतरली पण, आम्ही म्हटलं फ्लू असेल. मग आठवडाभर एकदम ठणठणीत. आणि नंतर अचानक सणकून ताप, डोकं इतकं दुखायला लागलं की उजेड सहन होईना, बोलताना शब्द सापडेनात, हात थरथरायला लागले. हॉस्पिटलमध्ये आधी सीटी काढला, मग पाठीतून पाणी काढलं, रक्त पाठवलं, निदान आलं एफएसएमई, म्हणजे गोचिडीतून होणारा व्हायरल मेंदूज्वर. गोचीड चावल्याचं त्याला आठवतही नाहीये.

एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन केला आणि रिपोर्ट पूर्ण नॉर्मल आला. तेव्हा हायसं वाटलं होतं, पण आता घरी येऊन बरेच दिवस झाले तरी उजवा हात थरथरतो, वळताना तोल जातो, दोन पानं वाचली की थकून झोपतो. सासूबाई साताऱ्याहून रोज विचारतात, अगं एमआरआय नॉर्मल आहे ना, मग त्याला होतंय तरी काय? त्यांना काय सांगू कळत नाही. शेजारच्या बेडवरच्या आजोबांना हाच आजार होता, त्यांच्या एमआरआयमध्ये मात्र थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या खोल भागात, काहीतरी दिसलं म्हणे. मग आमच्या स्कॅनमध्ये काही सुटलंय का? परत एमआरआय करा म्हणून मागे लागू का, की सीडी भारतात पाठवून कुणाला दाखवू? आणि मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, त्यांना लस आत्ता देता येते का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

राखाडी_छटा
रेवाताई, मी पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे सल्ला तिथल्या न्यूरोलॉजिस्टचाच धरा, पण स्कॅनबद्दल नक्की सांगू शकतो.

या आजारात एमआरआय नॉर्मल येणं हेच जास्त कॉमन आहे. साधारण पाचातल्या एखाद्याच पेशंटच्या स्कॅनवर काही दिसतं, बाकीच्यांच्या नाही, आणि त्या बाकीच्यांनाही आजार तितकाच खरा असतो. एमआरआयवर डाग दिसतो तो मुख्यतः तिथे सूज येऊन पाणी वाढलं की, आणि आमच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये एक मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्टी धड दिसत नाहीत. हा व्हायरस थेट न्यूरॉन्सवर जातो. इथे थोड्या पेशी, तिथे थोड्या, असं विखुरलेलं नुकसान झालं तर पेशंटला त्रास भरपूर आणि फिल्मवर काहीच नाही असं होतं. हात थरथरणं आणि तोल जाणं यावरून लहान मेंदू किंवा त्याची जोडणी दुखावली असावी असं वाटतं. न्यूरोलॉजिस्ट तपासून हेच शोधतो, आणि अशा वेळी त्याच्या तपासणीला माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त वजन आहे असं मी माझ्या रेसिडेंट्सनाही सांगतो.

ज्यांच्यात दिसतं त्यांच्यात बहुतेक थॅलॅमसमध्ये दिसतं, कधी एका बाजूला कधी दोन्हीकडे, शिवाय बेसल गँग्लिया (मेंदूतल्या खोल गाठी), ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), लहान मेंदू, आणि काहींना मानेतल्या मज्जारज्जूच्या पुढच्या भागात. आजोबांचं त्यातलंच असणार. पण नुसत्या थॅलॅमसवरून व्हायरसचं नाव सांगता येत नाही. तसंच चित्र आपल्याकडे पूर्व विदर्भातून आलेल्या पेशंटचं असेल तर आम्ही आधी जपानी मेंदूज्वराचा विचार करू, आणि मेंदूतल्या खोल शिरेत गुठळी झाली तरी दोन्ही थॅलॅमस सुजतात. तुमचं निदान रक्तातल्या आणि पाठीतल्या पाण्यातल्या अँटीबॉडीजवरून झालंय, ते एमआरआयमुळे बदलत नाही.

मग एमआरआय केलाच कशाला, तर ज्याच्यावर औषध आहे असं काही निसटू नये म्हणून. हर्पिसचा मेंदूज्वर असेल तर टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानशिलाजवळचा भाग) सूज दिसते आणि तिथे असायक्लोविर हे व्हायरसवरचं औषध द्यायला उशीर झाला तर माणूस हातचा जातो, म्हणून बहुतेक ठिकाणी संशय आला की ते इंजेक्शन आधी सुरू करतात आणि टेस्ट निगेटिव्ह आल्यावर थांबवतात. तुमच्याकडेही सुरुवातीला दिलं असेल बघा. गळू, स्ट्रोक, गुठळी हेही बघायचं असतं. पाणी काढायच्या आधीचा सीटी रक्तस्राव किंवा मेंदूवर दाब नाही ना एवढ्यासाठी होता, या आजारात तो जवळजवळ नेहमीच नॉर्मल येतो.

परत एमआरआय? खांद्यात किंवा दंडात जोर कमी झाला, मान धरवेना, फिट आली, गुंगी वाढली, लघवीला अडचण आली तर लगेच, आणि तेव्हा मानेचा मणकाही घ्यायला सांगा कारण नुसत्या मेंदूच्या स्कॅनमध्ये तो येत नाही. असं काही नवं नसेल तर दुसऱ्या स्कॅनने उपचार बदलणार नाहीत. सीडी पाठवायची तर जरूर पाठवा, मनाचं समाधानही महत्त्वाचं असतं, पण माझ्या मते काही सुटलेलं नाही.

दोडामार्गकर
ताई, वाचून आमच्याकडचा माकडतापच आठवला. २०१६ ला दोडामार्ग तालुक्यात माणसं पडायला लागली तेव्हा कुणाला कळेना हा कसला ताप, मग जंगलात माकडं मेलेली सापडली, रक्ताचे नमुने पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) गेले तेव्हा कळलं. शेजारी गोव्यात सत्तरीत त्याच्या आदल्या वर्षीच आला होता. मूळचा हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला, तोही गोचिडीतूनच, आणि तुमच्या एफएसएमईचा अगदी जवळचा भाऊबंद. काजूच्या हंगामात बागेत पाला गोळा करणारे, गुरं चारणारे यांनाच जास्त होतो.

याच्यातही काहींना ताप उतरून एक दोन आठवडे बरं वाटतं आणि मग दुसरा ताप येतो, डोकेदुखी, बडबड, हात कापणं. माझ्या काकांना असंच झालेलं, गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं होतं. काजू संपायला आलेले तेव्हा पडले ते गणपतीपर्यंत हातात चहाचा कप धरवत नव्हता. आता बागेत काम करतात. फक्त एक, या आजारात माणूस आळशी झाला असं घरच्यांना वाटायला लागतं ते फार वाईट, काकींना डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं तेव्हा घरातलं वातावरण बदललं. तुमच्या सासूबाईंनाही तिथल्या डॉक्टरांशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, भाषेसाठी तुम्ही आहातच.

नेकारकाठ
आम्ही श्टुटगार्टला. बाडेन-वुर्टेमबर्गचा जवळजवळ सगळा भाग एफएसएमईच्या रिस्क एरियात येतो त्यामुळे मुलांना लस जरूर द्या, १ वर्षाच्या वर चालते, मुलांचा डोस वेगळा असतो, किंडरआर्त्स्टला (मुलांच्या डॉक्टरांना) विचारा. एकूण तीन डोस, दुसरा साधारण एक ते तीन महिन्यांनी, तिसरा साधारण वर्षाच्या आत, नंतर बूस्टर. रिस्क एरियात खर्च क्रांकेनकासे (आरोग्य विमा) देते. तुमची पण घ्या. आणि गोचीड लवकर काढली की झालं असं इथले लोक म्हणतात ते बोरेलियाच्या (लाइम आजाराच्या जंतूच्या) बाबतीत ठीक आहे, तो जंतू अंगात यायला बरेच तास लागतात. हा व्हायरस तिच्या लाळेतच असतो, चावल्यावर काही मिनिटांत येऊ शकतो. शेतावरचं शेळीचं कच्चं दूध पण टाळा, त्यातूनही झालेलं आहे लोकांना.

दुसरं, त्यांना न्यूरोलॉजिकल रेहा (रिहॅबिलिटेशन) मिळतंय का? नसेल तर आजच हाउसआर्त्स्टला (फॅमिली डॉक्टरांना) अर्ज भरायला सांगा. एमआरआय नॉर्मल आहे म्हणून घाबरू नका, निदान आणि न्यूरोलॉजिस्टने लिहिलेला त्रास यावर ते मिळतं, म्हणून थरथर, तोल, थकवा, लक्ष न लागणं हे सगळं रिपोर्टमध्ये लिहून घ्या. नोकरीत ६ आठवडे पूर्ण पगार, मग सरकारी विमा असेल तर क्रांकेनगेल्ड (विम्याकडून मिळणारा आजारपणाचा भत्ता), पगाराच्या साधारण ७० टक्के. कामावर एकदम आठ तास जाऊ देऊ नका, हाम्बुर्गर मोडेल म्हणून सोय आहे, दोन तास, चार तास असं वाढवत नेता येतं.

तोलमोल
मी मिनेसोटात फिजिओथेरपिस्ट आहे. इथे गोचिडीतून पोवासन व्हायरस येतो, १९५८ मध्ये ऑन्टारिओतल्या पोवासन गावच्या एका मुलात पहिल्यांदा सापडला, त्याला लस अजून नाही. त्यात एमआरआयवर डाग बऱ्याचदा दिसतात. पण डाग बघून हा पेशंट किती चालेल हे मी तरी कधी सांगू शकले नाही, म्हणून मी स्कॅन बाजूला ठेवते आणि माणूस खुर्चीतून कसा उठतो ते बघते. रेवाताई, तोलाचे व्यायाम रोज थोडे थोडे, थकवा यायच्या आधी थांबायचं. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या, अंधारात एकटं चालू देऊ नका.

रेवा_फ्रायबुर्ग
सगळ्यांचे मनापासून आभार. राखाडी_छटा, तुमचं उत्तर सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं, दोनदा. असायक्लोविर खरंच दिलं होतं, फाइलमध्ये सापडलं. रेहाचा अर्ज सोमवारी भरतोय. एकच राहिलं, तो गाडी चालवायची म्हणतोय, ऑटोमॅटिक आहे म्हणतो.

राखाडी_छटा
नको. तोल जातोय आणि लक्ष टिकत नाहीये, ऑटोमॅटिकने त्यात फरक पडत नाही. न्यूरोलॉजिस्ट लेखी देईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा, आणि पुढच्या व्हिजिटला हा प्रश्न त्याच्यासमोरच विचारा.