ऑकलंड ते क्राइस्टचर्च: विमान सोडून रस्त्याने का?

(दादा-वहिनी मुलांना घेऊन न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहायला निघालेत, त्या वाटेवरचं घरच्यांशी झालेलं बोलणं.)

बाबा: सामान जहाजात, घराची किल्ली हातात नाही, नवी नोकरी तोंडावर आलेली. आणि तुम्ही ऑकलंडहून पुढचं विमान धरायचं सोडून गाडी भाड्याने घेतलीत? दीड तासाचा तर प्रवास. माझं मत विचाराल तर आधी बस्तान बसवावं, मग फिरावं. देश कुठे पळून जातोय?

दादा: बाबा, बस्तान बसवायला घर लागतं, आणि घराचा ताबा ठरल्या तारखेलाच मिळणार. कंटेनर क्राइस्टचर्चजवळच्या लिटलटन बंदराला लागायलाही अवकाश आहे. शाळेचं तर पत्त्याशिवाय पानच हलत नाही. इथे बऱ्याच शाळांचा आपापला झोन असतो आणि त्या झोनमध्ये राहणाऱ्या मुलांचा प्रवेशावर पहिला हक्क. म्हणजे लवकर पोचून आम्ही हॉटेलच्या खोलीत बसून राहणार. त्यापेक्षा ऑकलंडच्या उत्तर बेटावरून हळूहळू खाली, दक्षिण बेटावरच्या क्राइस्टचर्चपर्यंत उतरत गेलेलं बरं.

आई: मुलं दमत नाहीत ना? मला तेवढंच सांगा.

वहिनी: दमतात ना आई. म्हणून रोज थोडंच अंतर कापतो आणि जमेल तिथे एका जागी दोन रात्री राहतो. पण घर आवरायला काढल्यापासून पोरांनी नुसत्या बॅगा, रांगा आणि कागद पाहिले होते. काहीही विचारलं की आमचं एकच उत्तर, "तिकडे गेल्यावर बघू". त्यांना 'तिकडे' म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

मी: विमानतळावर सामान उघडायला लावलं का? त्याची फार धास्ती होती ना तुम्हाला?

वहिनी: लावलं, पण व्यवस्थित पार पडलं. खाण्याच्या वस्तू, लाकडी खेळणी, ट्रेकचे बूट, सगळं फॉर्मवर आधीच लिहिलं होतं. तपासणीच्या बाईंनी बूट उलटे करून तळव्याच्या खाचा बोटाने चाचपून पाहिल्या, माती आहे का म्हणून. आम्ही ते आधीच ब्रशने घासून धुतले होते, लगेच परत दिले. मधाची बाटली मात्र घरीच ठेवून आलो, मध आणू देत नाहीत. वस्तू सांगितली नाही तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. कुणी भेटायला येणार असाल तर लक्षात ठेवा, शंका आली की लिहून टाकायचं. लिहिण्याला दंड नाही.

आत्या: आणि गाडी चालवायला कसं वाटतंय? परक्या मुलखात पहिल्याच आठवड्यात एवढा रस्ता!

दादा: आत्या, गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे हात बसलेला आहे. महामार्गावर बहुतेक ठिकाणी १०० ची मर्यादा, पण रस्ते बरेचसे दुपदरी आणि वळणांचे. नकाशा जो वेळ दाखवतो त्यात मी सरळ तासभर वाढवून धरतो. एकपदरी पूल जपून. पाटीवर दोन बाण असतात, आपला बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. आता बाणाचा रंग मागच्या सीटवरूनच ओरडून सांगितला जातो 😄 आणि सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची, ती गाडीबरोबरच मागवून ठेवली होती.

मी: वायटोमोच्या गुहेचे फोटो टाका की. एकही आला नाही.

वहिनी: आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. आधी गाइडने टॉर्चच्या उजेडात छत जवळून दाखवलं. बारीकशी चमकणारी अळी असते, ती रेशमासारखे धागे खाली सोडते. धाग्यावर ओळीने चिकट थेंब, मण्यांची माळ लोंबावी तसे. अळीच्या उजेडाला भुलून एखादा किडा वर आला की त्यात अडकतो, अळी धागा वर ओढून घेते. ही जात फक्त न्यूझीलंडमध्येच सापडते. मग टॉर्च बंद करून होडीत बसवलं. वल्ही नाही, मोटर नाही, गाइड वरचा दोर धरून होडी पुढे ओढतो. डोक्यावर सगळीकडे निळसर हिरवे ठिपके. आपला धाकटा, जो कुठेच गप्प बसत नाही, त्याने बाहेर येईपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

आई: माझं बाळ गं ते ❤️

दादा: पुढे तौपोजवळ हुका धबधबा. उंची अवघी ११ मीटर, पण वायकाटो नदी, म्हणजे या देशातली सगळ्यात लांब नदी, तिथे अरुंद खडकात कोंबली जाते आणि सेकंदाला दोन लाख लिटरच्या वर पाणी बाहेर फेकते. तौपो सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं मुख आहे, हे मोठीला पटेचना. दुसऱ्या दिवशी डेझर्ट रोडवरून रुआपेहू ज्वालामुखी दिसला, शेंड्यावर बर्फ आणि पोटात आग, तेव्हा पटलं.

आत्या: तू आग म्हणालास म्हणून विचारते. मला झोप येत नाही रे. तुम्ही राहायला जाताय त्याच गावात तो भूकंप झाला होता ना?

दादा: हो आत्या. २२ फेब्रुवारी २०११, १८५ माणसं गेली. तुझ्यापासून लपवणार नाही आणि मुलांपासूनही लपवलं नाही. उलट म्हणूनच या रस्त्याने आलो. वेलिंग्टनला 'ते पापा' नावाचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. ती अवाढव्य इमारत रबर आणि शिशाच्या ठोकळ्यांवर उभी आहे. जमीन हलली की बराचसा धक्का ते ठोकळे पोटात घेतात, इमारतीला कमी बसतो. ही युक्ती १९७० च्या दशकात इथल्याच बिल रॉबिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने काढली आणि आज कितीतरी देशांत ती वापरतात. मोठीने त्याचं चित्र वहीत काढलंय.

वहिनी: धाकट्याला तिथल्या महाकाय स्क्विड या समुद्री प्राण्यापुढून हलवणं मुश्कील झालं. जवळपास ५०० किलोचा आहे. तिथे परदेशी पर्यटकांना तिकीट आहे, १६ च्या आतल्या मुलांना नाही. आमच्याकडे इथल्या पत्त्याचा पुरावा नव्हता म्हणून आम्ही दोघांनी काढलं. पुढच्या वेळी इथले रहिवासी म्हणून फुकट जाऊ.

बाबा: समुद्र कसा ओलांडलात? गाडीसकट?

दादा: फेरीने, साडेतीन तास. काही कंपन्या भाड्याची गाडी बोटीवर चढवू देत नाहीत. एक गाडी वेलिंग्टनला सोडायची, समुद्रापलीकडे पिक्टनला दुसरी घ्यायची. आमचं तसंच होतं, त्यामुळे बॅगा दोनदा उतरवाव्या लागल्या. सामुद्रधुनीत बोट चांगली हलली, पण शेवटचा तासभर डोंगरांमधून गेलेल्या खाडीत पाणी अगदी शांत. सगळे डेकवरच होतो.

आता कायकौरा या किनाऱ्यावरच्या गावात आहोत. १४ नोव्हेंबर २०१६ ला इथे ७.८ चा भूकंप झाला. दरडी कोसळून हा किनारी महामार्ग वर्षभराहून जास्त बंद होता, २०१७ च्या डिसेंबरात उघडला. समुद्राचा तळ काही ठिकाणी कित्येक मीटर वर आलाय. पूर्वी पाण्याखाली असलेला खडक आज कोरडा उभा आहे, मुलांनी त्यावर हात लावून पाहिला. मोठीने विचारलं, "शाळेत असताना झालं तर?" मी सांगितलं, खाली वाक, टेबलाखाली जा, टेबलाचा पाय घट्ट धर. इथल्या शाळांत याचा सराव घेतात. मग तिने भावाला करून दाखवलं, तिथेच, वाळूत.

आत्या: बरं झालं बोललास. तरी काळजी वाटणारच.

वहिनी: आत्या, वाटू दे हो, आम्हालाही वाटते. पण नाव ऐकून घाबरण्यापेक्षा जागा बघून काळजी घेतलेली बरी, असं मला आता मनापासून वाटतं.

आणि आज देवमासा दिसला! किनाऱ्यापासून जवळच समुद्रात खोल दरी आहे, म्हणून स्पर्म व्हेल इथे वर्षभर असतात. बराच वेळ नुसता ओंडक्यासारखा पडून फवारे सोडत होता. मग पाठ कमानीसारखी वाकली, शेपूट सरळ उभं, त्यावरून पाणी निथळलं आणि गेला खाली. व्हिडिओ टाकते.

बाबा: पाहिला. तीनदा पाहिला. किल्ली कधी?

दादा: परवा. इथून १८० किलोमीटर राहिलंय, उद्या दुपारपर्यंत पोचू. संध्याकाळी मुलांना पुठ्ठ्याचं कॅथेड्रल दाखवणार आहे, भूकंपानंतर जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेलं.

बाबा: दाखव. पण घर ताब्यात घेताना भिंतींचे डाग, नळ, मीटरचे आकडे, सगळ्याचे फोटो काढून ठेव. डिपॉझिटच्या वेळी उपयोगी पडतात.

दादा: हो बाबा. सुरुवातीला पाहणीचा अहवाल भरायचा असतो, त्याच वेळी काढतो आणि इथेही टाकतो.