मदत हवी: चित्रपुस्तकातला त्रिकोण कायम उभाच का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूरच्या एका अंगणवाडीत सेविका आहे. तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं, बहुतेकांचे आईवडील एमआयडीसीत कामाला. आकार शिकवताना अडलेय म्हणून विचारते.

आमच्याकडे आकारांची तीन चित्रपुस्तकं आहेत, जाड पानांची, मुलांची लाडकी. तिन्हींत त्रिकोण तोच: खाली आडवी बाजू, वर टोक, बाजू सारख्या. परवा पुस्तक चुकून उलटं धरलं गेलं. पावणेचार वर्षांची एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, ‘ताई, त्रिकोण पडला.’ सरळ केलं तर, ‘आता उठला.’ मग मी पुठ्ठ्याचा लांबुडका, निमुळता त्रिकोण कापून दाखवला. सगळे एका सुरात ओरडले, ‘काटा!’

मला फार लागलं ते. दोन महिने रोज ते पान वाचून दाखवतेय, आणि मुलांनी आकार नाही, एक चित्र पाठ केलंय.

शब्दांचाही घोळ आहे. एका पुस्तकात चौरसाखाली ‘चौकोन’ छापलंय. चूक नाही, चौरस हा चौकोनच. पण आता दाराला, पाटीला, गोदाघाटाच्या पायरीला मुलं चौकोन म्हणायला तयार नाहीत. चौरस तिरपा धरला की ‘शंकरपाळी’! (हा शब्द त्यांचा त्यांनी शोधलाय, मला तो आवडतो.)

म्हणून स्वतःच पुस्तक करायला घेतलंय. ड्रॉइंग शीट, घोटीव कागद आणलाय. एका पानावर एकाच आकाराची किती रूपं द्यावीत? आणि चौरस, आयत हे शब्द या वयात सांगावेत का?

प्रतिसाद:
ताई, मी पंचवटीत बरीच वर्षं बालवाडी चालवली. तुमची मुलं वयाप्रमाणेच बघताहेत. व्हॅन हील या डच शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये मांडलं होतं की भूमितीच्या पहिल्या पायरीवर मूल बाजू-कोपरे मोजत नाही, आकार एकसंध चेहऱ्यासारखा ओळखतं. म्हणून चेहरे बरेच दाखवायचे. चार रूपं पुरेत: उभा, उलटा, निमुळता, तिरका. त्यात एक फसवा टाका, कोपरा उघडा राहिलेला किंवा एक बाजू फुगीर. तो त्रिकोण का नाही, हे मुलांनाच सांगू द्या. बोलता बोलता बोट आपोआप कडेवरून फिरतं, आणि बाजू मोजणं तिथून सुरू होतं.

उलट्या त्रिकोणासाठी पताकांचं चित्र काढा, टोक खाली असलेल्या. एक पान कापडी करा. मधोमध टिचबटण पक्कं शिवून त्यावर जाड फेल्टचा त्रिकोण बसवा, मूल हवा तसा फिरवेल.

शब्द बिनधास्त सांगा. जेसीबी म्हणणाऱ्या मुलांना ‘आयत’ जड नाही. मी सांगायचे, चौकोन हे आडनाव. चौरस, आयत ही त्या घरातली मुलं.

धागाकर्ती:
खूप आभार ताई! आडनावाचं तर मला सुचलंच नसतं. काल पताकांचं पान करून नेलं. तीच मुलगी बराच वेळ बघत राहिली, एकेका पताकेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘हे सगळे पडलेत, पण त्रिकोणच आहेत.’

आता कापडी पान. मेनरोडला टिचबटणं घाऊक कुठल्या गल्लीत मिळतील, कुणी सांगेल का?